आत्याच्या फोनवरचे सहा आकडे

माझं बँकेतलं खातं मी आठवीत असताना उघडलं, कारण शिष्यवृत्तीची रक्कम शाळा रोख देत नव्हती. पवनानगरच्या शाखेत पप्पांनी फॉर्म भरला आणि मोबाइल नंबरच्या चौकटीत घरचा नंबर लिहिला. घरचा नंबर म्हणजे आत्याजवळच्या फोनचा. पप्पा कामशेत ते पवनानगर जीप चालवायचे, त्यांच्या फोनला अर्ध्या वाटेत रेंज नसायची. आईजवळ तेव्हा फोनच नव्हता. आत्या मात्र घरात असायची, आणि आत्या असली की फोन उचलला जाणार याची गावाला खात्री होती. पुढे पवना धरणाच्या काठच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर पर्यटकांसाठी सहा तंबू उभे राहिले, तेव्हा तोच नंबर कॅम्पचा झाला. पप्पांनी तो पाटीवर रंगवला, मग रस्त्याकडेच्या दोन दगडांवर, मग पाण्याच्या टाकीवर. टाकीवरचा शेवटचा आकडा जागा न पुरल्यामुळे खाली उतरला होता. माझ्या बँकेचा नंबर अशा रीतीने पवनेच्या काठावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता, आणि यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही.

आत्या पप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांनी ती परत आली आणि मग इथेच राहिली. का, ते घरात कुणी बोलत नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. कॅम्प पप्पांच्या नावावर असला तरी चालवायची तीच. ब्लाउजपीसची एक पिशवी शिवून त्यात फोन घालून ती गळ्यात अडकवायची आणि चुलीपुढे, गोठ्यात, तंबूंच्या रांगेत, कुठेही असली तरी तिसऱ्या रिंगच्या आत तो उचलायची. तिचं हिंदी ऐकायला मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराशी पुस्तक घेऊन बसायची. ‘‘आओ सर, टेंट है, जेवण है, व्हेज-नॉनव्हेज समदं है. दारू नहीं है. दारू पीके पानी में नहीं उतरना, मैं पैसे वापस नहीं देगी.’’ शनिवारी संध्याकाळी काठावर प्रत्येक कॅम्पचा वेगळा स्पीकर, वेगळं गाणं, आणि त्या सगळ्यातून आत्याचा आवाज. इंद्रायणीचा चिकट भात मोठ्या टोपात शिजत असायचा, बाजूला चिलापी माशाचे तुकडे तव्यावर चरचरत असायचे, आणि पुण्या-मुंबईची माणसं ताट पुढे करून ‘‘आंटी, थोडा और’’ म्हणायची. आंटी म्हटलेलं तिला आवडायचं नाही. ‘‘आत्या म्हना,’’ ती सांगायची. काहीजण म्हणायचेसुद्धा.

मी त्या घरात होते आणि नव्हते. पाचवीपासून मी लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत गेले आणि सोमवार ते शनिवार तिथल्याच वसतिगृहात राहिले. शनिवारी दुपारी पप्पा जीपमधून घेऊन यायचे. शाळेत माझं मराठी गावठी म्हणून मी गप्प राहायला शिकले, आणि घरी माझं मराठी पुस्तकी म्हणून मी गप्प राहायला शिकले. दोन्हीकडे लोक ‘शहाणी मुलगी’ म्हणायचे. गप्प बसणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? घरी फोन करायचा झाला तर मी काय बोलायचं ते आधी मनात रचून ठेवायची. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘‘आत्या, जेवलीस का?’’ एवढं म्हटलं की पुढची दहा मिनिटं तीच बोलायची आणि माझी सुटका व्हायची.

इंग्लंडला शिकायला जायचं ठरलं तेव्हा मी शाखेत जाऊन माझा स्वतःचा नंबर खात्याला जोडता येईल का, असं विचारलं होतं. शाखेतले साहेब तरुण होते, कळकळीचे होते. ते म्हणाले, ‘‘तिकडं गेल्यावर इथलं सिम चालू ठेवणं कटकटीचं असतं. रिचार्ज संपला की नंबर बंद, मग तो दुसऱ्याला जातो. घरचा नंबर आहे तर राहू द्या. ओटीपी आला की घरचे सांगतील.’’ मला ते पटलं. घरच्यांना आनंदच झाला. मी दूर चालले होते, पण माझा एक दोर आत्याच्या गळ्यातल्या पिशवीत राहणार होता.

त्या दोराला केवढा ताण असतो ते तिकडे गेल्यावर कळलं. मी कार्ड वापरलं की आत्याच्या फोनवर मेसेज जायचा. विद्यापीठाजवळच्या दुकानात मी ब्रेड घ्यायची आणि साडेपाच तासांनी पुढे असलेल्या आमच्या स्वयंपाकघरात टुंग असा आवाज व्हायचा. आत्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडा आणि वेळ कळायची. तेवढ्यावर ती माझा दिवस उभा करायची.

‘‘दुपारी अडीचला तीनशे ऐंशी रुपयं गेलं. काय घेतलंस?’’

‘‘कॉफी.’’

‘‘तीनशे ऐंशीची? दूध म्हशीचं हुतं का हत्तीनीचं?’’

मागून आई हसायची, पप्पा हसायचे, एकदा तर कॅम्पवर उतरलेलं कुणीतरी अनोळखी माणूसही हसलं. मला हसू यायचं नाही. मी चोरून ठेवण्यासारखं काही करत नव्हते, पण चोरून ठेवण्यासारखं काहीच नसणं हीसुद्धा माणसाला आपल्यापुरती ठेवावीशी वाटणारी गोष्ट असते. मी उपाय काढला. महिन्यातून एकदाच मशीनमधून रोकड काढायची आणि तीच पुरवायची. त्या काढण्याला वेगळे पैसे पडायचे, तरीही. पंधराएक दिवस फोन शांत राहिला. मग आत्याचा कॉल आला. नेहमीची थट्टा नव्हती. ‘‘तुजं मेसेज येत न्हाईत गं आता. खातीस ना? का उपाशी ऱ्हातीस?’’ दुसऱ्या दिवशी मी कार्डावर ब्रेड घेतला.

आज खात्याला माझाच नंबर जोडलेला आहे आणि तीनशे ऐंशीची कॉफी पिऊन मी कामाला जाते, कुणी काही विचारत नाही. नंबर बदलल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत पैसे देताना मी कानोसा घ्यायची, पलीकडे काही वाजतंय का असा. ते जाऊ दे.

मी इंग्लंडला गेले त्याच वर्षी कॅम्पवर एक गोष्ट घडली. मला ती फोनवर तुकड्यातुकड्याने कळली. मिलिटरीतला मोठा साहेब बोलतोय असं सांगून कुणीतरी हिंदीतून फोन केला. पलटणीसाठी वीस तंबू हवेत, शेजारच्या कॅम्पचेही धरून आत्यानेच जमवून द्यावेत, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो. मग त्याने एक चौकोनी कोड पाठवला आणि सांगितलं, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. आत्याने स्कॅन केला, पिन टाकला आणि पैसे गेले. वीस हजार होते, नव्या गाद्यांसाठी ठेवलेले. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बचतगटाची बैठक होती. आमच्या घराने ही गोष्ट झाकायची ठरवलं होतं, पण आत्या बैठकीत उभी राहिली आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, ‘‘मी येडी ठरले. पिन टाकल्यावर पैसं येत न्हाईत, जात्यात. तुमी ठरू नका.’’ आई म्हणते, तिचा आवाज जराही हलला नाही.

त्यानंतर बचतगटाने शाखेतल्या साहेबांना बोलावून घेतलं. साहेबांनी समाजमंदिरात दोन तास सगळं समजावलं. पिन सांगायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. परदेशातल्या नंबरांवरून फोन येतात, ते उचलायचे नाहीत. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात, लेकरू रडतंय असं ऐकवतात. ‘‘बँकेचा माणूस असो, पोलीस असो, तुमच्या पोटचं पोर असो,’’ साहेब म्हणाले, ‘‘ओटीपी फोनवर सांगायचा नाही म्हणजे नाही.’’ आत्याने हात वर करून त्यांना हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि शेजारच्या बाईच्या मुलीकडून कागदावर लिहून घेतलं. तो कागद तिने फोनच्या पाठीला चिकटपट्टीने लावला. हे मला आईने हसत हसत सांगितलं. मीही ‘‘छान’’ म्हटलं आणि विसरले.

फीचा दुसरा हप्ता जानेवारीत होता. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत भरायचा, नाहीतर नाव कमी होणार आणि व्हिसाच्या खात्याला कळवलं जाणार, असं पत्र आलेलं होतं. पैसे खात्यात बुधवारी जमा झाले. माझा नेहमीचा बेत सोपा होता. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर घरी फोन करायचा, आत्याला तयार राहायला सांगायचं, पैसे भरायला घ्यायचे, तिने आकडे सांगायचे. पहिल्या हप्त्याला असंच केलं होतं. पण बुधवारी संध्याकाळी तांदूळ धुताना माझा फोन खिशातून पाण्याच्या भांड्यात पडला. आत्याने बांधून दिलेला इंद्रायणी तांदूळ होता, निम्मा धुतलेला आणि निम्मा डब्यात कोरडा. फोन पुसून मी त्या कोरड्या तांदळात पुरून ठेवला. सकाळी तो बाहेर काढला तेव्हा त्याला छान वास येत होता, पण चालू काही झाला नाही.

बाराच्या सुमारास मी फीच्या ऑफिसात गेले. तिथे भिंतीला विद्यार्थ्यांसाठी दोन कॉम्प्युटर होते आणि खिडकीत एक पन्नाशीच्या बाई बसायच्या. मी त्यांच्याकडे टेबलावरचा फोन वापरू का असं विचारलं. एवढं वाक्यसुद्धा मी जिन्यात दोनदा म्हणून पाहिलं होतं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. जगातले दोनच नंबर मला पाठ होते, एक पप्पांचा आणि एक दगडांवर रंगवलेला. पप्पांचा बंद लागला. गुरुवार होता, ते आणि आई शिरगावला दर्शनाला गेलेले असणार, येताना तळेगावला मावशीकडे जेवून येणार. मी पैसे भरण्याचं पान उघडलं, कार्डाचे आकडे टाकले, ओटीपी मागवला आणि आत्याला फोन लावला.

‘‘हॅलो, बोला सर, टेंट पायजेत का?’’

‘‘आत्या, मी ऋतुजा. ऐक, आत्ता एक ओटीपी आला असेल तुझ्या फोनवर, तो पटकन सांग, प्लीज, अर्जंट आहे.’’

मग ती म्हणाली, ‘‘कोन ऋतुजा?’’

‘‘आत्या, मीच. माझा फोन बिघडलाय, मी ऑफिसमधून बोलतेय. दहाच मिनिटं असतात, सांग ना.’’

‘‘नंबर भायेरचा दिसतोय ह्यो.’’

‘‘हो, मी बाहेरच आहे ना! इंग्लंडला!’’

‘‘ते तुमाला ठाव असनारच,’’ आत्या म्हणाली. एकदम ‘तुमाला’ झालं. ‘‘पोरगी भायेर हाय, तिचं नाव काय, समदं काढत्यात तुमी लोकं. आमाला सायबांनी सांगितलंय.’’

मला आधी हसू आलं. मग कॉम्प्युटरवर उलटे धावणारे आकडे दिसले आणि ते गेलं. मी म्हटलं, ‘‘आत्या, काहीही विचार मला. घरातलं काहीही विचार.’’

‘‘इचारू? सांग, आपल्या म्हशीला काय झालं? रेडा का रेडी?’’

म्हैस गाभण होती हेच मला माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात मी दोनदा घरी फोन केला होता, दोन्ही वेळा ‘‘जेवलीस का’’ विचारून, ती बोलत असताना लॅपटॉपवर दुसरं काही वाचत, ‘‘हो का, छान’’ म्हणत राहिले होते. तिने कदाचित सांगितलंही असेल. मी अंदाज केला. ‘‘रेडी.’’

‘‘फोन ठिवा,’’ आत्या म्हणाली. ‘‘रेडा झालाय. सोमवारीच.’’

मी पुन्हा लावला, पुन्हा ओटीपी मागवला. तिने उचलला तो बोलतच. ‘‘आनिक मेसेज आला बगा! सायबांनी ह्येच सांगितलं हुतं, एकामागनं एक मेसेज येत्यात आन् मानूस घाबरवत्यात. मी घाबरनारी न्हाई.’’

‘‘आत्या, आज दोनपर्यंत पैसे भरले नाहीत तर माझं नाव कमी होईल. मला परत यावं लागेल. तुला कळतंय का?’’

‘‘आमची पोरगी फोन केल्यावर आदी जेवलीस का म्हनून इचारती. तुमी इचारलं न्हाई.’’

तेव्हा मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी आत्यावर ओरडले, त्या शांत ऑफिसात, रांगेतली चार माणसं वळून पाहत असताना. काय बोलले ते नीट आठवत नाही. निम्मं इंग्रजी होतं एवढं आठवतं. माझं संपल्यावर ती अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, ‘‘बाई, तुमी जे कोन असाल ते, जरा नीट माहिती काढत जा. आमची ऋतुजा वरडत न्हाई कदी. घरात हाय का न्हाई ते बी कळत न्हाई तिचं.’’ आणि फोन ठेवला. त्यानंतर तो बंदच लागला.

मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. एक वाजत आला होता. त्या क्षणी मला आत्याचा राग येत नव्हता, मला शाळेचा राग येत होता, माझ्या शहाणपणाचा राग येत होता, आणि ‘‘घरात हाय का न्हाई ते बी कळत न्हाई’’ हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. मनात एक बेत आला, मला चांगलाच ओळखीचा असलेला. काही न बोलता उठायचं, खोलीवर जायचं, पांघरूण घ्यायचं, संध्याकाळी पप्पांना कळवायचं आणि मग जे होईल ते होईल. शाळेत सहलीचे पैसे हरवले होते तेव्हा मी हेच केलं होतं. मी उठलेसुद्धा. पण दाराकडे गेले नाही. रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. या वेळी वाक्य रचायला वेळ होता आणि मी मुद्दाम रचलं नाही.

माझा नंबर आला तेव्हा मी त्या बाईंना इंग्रजीत सरळ सांगितलं, पैसे माझ्या खात्यात आहेत, पण ते माझ्यापर्यंत येत नाहीत, कारण कोड माझ्या आत्याकडे जातो आणि आत्या तो सांगत नाही. का सांगत नाही, असं त्यांनी विचारलं. कारण मी मीच आहे हे तिला पटत नाही, आणि बँकेने तिला कुणालाच सांगू नको म्हणून बजावलंय. बाईंनी चष्मा काढला. त्या हसतील असं वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. नियम नियमच आहे, दोनला यादी बंद होते, त्यांच्या हातात काही नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ज्यांच्या हातात आहे त्यांना भेटते. ते जेवायला गेलेत, त्या म्हणाल्या. मग मी थांबते. इथे थांबता येत नाही. मग मी दाराबाहेर थांबते, पण यादी बंद व्हायच्या आधी मला त्यांना भेटायचंय. शब्द एकामागून एक येत होते. ज्या भाषेसाठी मला इतकी वर्षं घरापासून लांब ठेवलं होतं, ती त्या दिवशी तरी कामाला यायलाच हवी होती.

पावणेदोनला त्यांचे वरिष्ठ आले, उंच, खाली वाकून बोलणारे. मी सगळं पुन्हा सांगितलं, म्हशीसकट. खात्यात रक्कम आहे हे कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. ते ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘तुमच्या आत्याचं चुकलं असं तुम्हाला वाटतं का?’’

मी ‘‘हो’’ म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून ‘‘नाही’’ आलं.

त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंतची मुदत दिली आणि माझ्यासमोर कागदावर लिहून, सही करून तो कागद माझ्या हातात ठेवला. खोलीवर जाऊन मी उरलेला तांदूळ शिजवला आणि मीठ लावून तसाच खाल्ला.

शुक्रवारी सकाळी साडेआठला माझ्यासोबत राहणाऱ्या मुलीचा फोन मागून घेतला आणि पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दोन वाजले होते. पडद्यावर पप्पा होते, आई होती, आणि मध्ये आत्या, गळ्यात पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आई मला पाहताच रडायला लागली. पप्पा म्हणाले, ‘‘अगं अक्का, हीच हाय की आपली पोरगी. दे तिला काय ते.’’

‘‘थांब रं तू,’’ आत्या म्हणाली. ‘‘ऋतुजे, मान डावीकडं कर.’’

मी केली.

‘‘आता उजवीकडं. आता तोंडावरनं हात फिरव. सावकाश.’’

‘‘नाकावरला तीळ दिसतोय की वन्सं,’’ आई म्हणाली.

‘‘तीळ बी काडत्यात कॉम्प्युटरवर.’’ आत्या पडद्याच्या इतकी जवळ आली की मला फक्त तिचा एक डोळा दिसत होता. ‘‘आता मागं कोन हाय ती पोरगी दाव.’’

मी फोन फिरवला. माझी मैत्रीण तोंडात ब्रश घेऊन उभी होती. तिने हात हलवला. ते पाहून बहुधा आत्याला पटलं, कारण तोंडात ब्रश असलेली गोरी मुलगी कुणी चोर मुद्दाम आणून उभी करणार नाही. मी ओटीपी मागवला. पिशवीत टुंग वाजलं. आत्याने फोन बाहेर काढला, चष्मा लावला, आणि एकेक आकडा इतका स्पष्ट म्हणाली, जणू शाळेत पाढे म्हणून दाखवत होती. सहा आकडे झाले. पान क्षणभर फिरत राहिलं आणि मग हिरवं झालं. आईने हात जोडले. कुणाला जोडले ते पडद्यावर दिसलं नाही.

मी म्हटलं, ‘‘आत्या, जेवलीस का?’’

‘‘जेवले. तुज्यासाठी काल दिवसभर जीव नुसता टांगनीला हुता, तरी जेवले.’’ मग तिने फोन परत पिशवीत घातला. ‘‘काल तूच हुतीस. मला दुसऱ्याच वाक्याला कळलं हुतं.’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘‘कळलं होतं? मग सांगितलं का नाहीस? माझं नाव कमी झालं असतं आत्या!’’

‘‘कळलं म्हून काय झालं?’’ ती म्हणाली. ‘‘त्यो मिलिटरीवाला बोलत हुता तवा बी मला अशीच खात्री हुती.’’

पप्पा खाली बघत होते. मी एवढी वर्षं या बाईच्या बोलण्यावर हसणं किंवा चिडणं यांपैकी एक काहीतरी करत आले होते. तिला आवाज ओळखू आला होता, मन हो म्हणत होतं, भाची रडकुंडीला आली होती, आणि तरी तिने स्वतःच्या मनावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून फोन बंद करून ठेवला आणि पप्पा येईपर्यंत तो उराशी धरून बसली. असं मला एक दिवसही जमलं नसतं. मी तिला ‘‘बरोबर केलंस’’ म्हटलं. ती म्हणाली, ‘‘ठाव हाय मला.’’

त्या दिवशी मी ठरवलं की खात्याला माझा नंबर जोडायचा. आत्याचा राग म्हणून नव्हे. तिला असं पुन्हा एकदा बसायला लावायचं नव्हतं म्हणून. मी गावी आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, काठावर तंबूंची गर्दी सुरू झाली होती आणि तो रेडा दोरी ओढून दावणीबाहेर यायला लागला होता. मी घरात विषय काढला. आई म्हणाली, ‘‘म्हंजी आता तू काय घेतलंस, काय खाल्लंस, ते आमाला कळनार न्हाई?’’ मी म्हटलं, ‘‘मी सांगेन.’’ आत्या भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. ‘‘सांगल ती,’’ ती म्हणाली. ‘‘आन् न्हाई सांगितलं तर तिचा पैसा हाय.’’

सोमवारी आम्ही दोघी शाखेत गेलो. तेच साहेब होते. त्यांनी फॉर्म घेतला, माझी सही पाहिली, पासपोर्ट पाहिला, नवा नंबर टाकला आणि आत्याकडे वळून म्हणाले, ‘‘मावशी, जुन्या नंबरवर ओटीपी आला असेल. तेवढा सांगा, म्हणजे झालं.’’

आत्याने पिशवीतून फोन काढला. मेसेज पाहिला. मग फोन उलटा करून पाठीवरचा कागद साहेबांपुढे धरला. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण अक्षरं वाचता येत होती. ‘‘सायेब, बँकेच्या मानसाला बी न्हाई. तुमीच सांगितलंय.’’

‘‘अहो मावशी, मी बँकेतच बसलोय. तुमच्यासमोर.’’

‘‘बसलाय खरं.’’

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. एक म्हातारा म्हणाला, ‘‘सांग की गं अक्का, आमाला घरी जायचंय.’’ आत्याने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. साहेबांनी तो कागद वाचला, ते उठले, आपला कीबोर्ड काउंटरच्या फटीतून ओढून वायरीसकट तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘‘मग तुम्हीच टाका.’’

आत्याने चष्मा लावला. पदर डोक्यावरून पुढे ओढून फोन आणि कीबोर्ड दोन्ही झाकले, आणि त्या झाकणाखाली एक बोट उचललं. मग थांबून माझ्याकडे पाहिलं.

‘‘तू बी तिकडं बग,’’ ती म्हणाली.

खातं माझं होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि मागे सावकाश वाजणारी एकेक कळ ऐकत राहिले, सहा होईपर्यंत.